लाल पाण्याची बरणी

चामराजपेटेत हयवदनरावांच्या घरी नवा पाहुणा आला की त्याची नजर पहिल्यांदा खिडकीकडे जायची. तिथं लोणच्याच्या आठ-दहा काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि त्यांत लोणचं सोडून भलतंच काही असायचं. एकीत काळपट पाणी, दुसरीत दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं, तिसरीत तांबूस आणि शेवटच्या दोन बरण्यांत अगदी स्वच्छ. "काढा आहे का कसला?" असं पाहुण्यानं विचारलं की सत्यवतीबाई आतूनच सांगायच्या, "काढा कुठला! इंजिनांच्या आंघोळीचं पाणी आहे ते. आमच्या ह्यांना त्यात काय दिसतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक."

हयवदनराव डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. देशस्थ माध्वांचं घराणं, बंगळुरात येऊन तीनशे वर्षं होऊन गेलेली. पणजोबा पुराण सांगायचे, आजोबा पंचांग सांगायचे, वडील सरकारी कचेरीत दप्तर सांभाळायचे. अशा घरातला मुलगा कोपरापर्यंत वंगणात बुडालेला कसा निघाला, हे कोडं नातेवाइकांना कधीच सुटलं नाही. खरं तर कोडं काहीच नव्हतं. बंद वस्तूच्या आत काय चाललंय ते कळल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. लहानपणी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात पाणी तापताना आतून खडखड कसली येते, ते बघायला त्यांनी बंबच खोलला. तळातून चुन्याची ही जाड पापडी निघाली. आईनं चांगलं बदडून काढलं, पण मार ते विसरले आणि पापडी तेवढी लक्षात राहिली.

पुढं शिवाजीनगरात त्यांची पत्र्याची शेड झाली, पण ते शेडमध्ये सापडतील तर शपथ. ही गोष्ट १९९६ सालची. तेव्हा वीज रोज कुठल्या ना कुठल्या वेळी जायचीच, त्यामुळे थिएटर म्हणू नका, नर्सिंग होम म्हणू नका, प्रत्येकाच्या मागल्या अंगणात एक डिझेल जनरेटर धडधडत असायचा. हयवदनराव पिशवी घेऊन या अंगणातून त्या अंगणात फिरायचे. पिशवीत पाने कमी आणि रिकाम्या बरण्या जास्त.

बरण्यांमागं त्यांचा एक नेम होता. इंजिन उघडून, दुरुस्त करून पुन्हा बसवलं की त्याच्या पाण्याच्या वाटांत नाही नाही ते उरतं. तेल, गंज, जुन्या गॅस्केटचे तुकडे, घासलेल्या लोखंडाची पूड. दुसरे मेकॅनिक एक बादली पाणी वरून ओतायचे, खालून सोडायचे आणि हात पुसून मोकळे व्हायचे. हयवदनराव धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून आत घालायचे, इंजिन वीस मिनिटं चालवायचे, पाणी सोडायचे, मग साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. दर खेपेचं पाणी एका बरणीत, आणि सगळ्यांत शेवटी नळाच्या पाण्याची एक बरणी. इंजिनातलं पाणी आणि नळाचं पाणी यांत फरक दिसेनासा झाला म्हणजे काम झालं. तोवर मालक डोक्यावर उभा राहून ओरडला तरी हे आपले बरणी उजेडात धरून बघत राहणार.

वर्षातून एक दिवस मात्र ते मेकॅनिकचे भटजी व्हायचे. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी गावातले सगळे भटजी दुकानांत आणि मोटारींपुढं अडकलेले असतात, जनरेटरसाठी कुणाला सवड असते? तेव्हा त्यांची गिऱ्हाइकंच म्हणायची, "अण्णा, दोन मंत्र तुम्हीच म्हणा." मग धोतर-उपरण्यात, कपाळाला गोपीचंदन लावून हयवदनराव पाच इंजिनांची पूजा करून यायचे. इंजिनाला हार, पुढ्यात फोडलेला कोहळा आणि सत्यवतीबाईंनी घरून बांधून दिलेल्या अक्षता. या अक्षतांबद्दल बाईंचं मत पक्कं होतं. पेठेत बाकी सगळे कुंकवानं रंगवायचे. बाई मात्र अख्खे, न तुटलेले तांदूळ निवडून घ्यायच्या, हळदीत बोटाच्या टोकाएवढा चुना कालवायच्या आणि त्या लाल रंगात तांदूळ घोळायच्या. "बाजारच्या कुंकवाचा काय भरवसा?" असं त्या म्हणायच्या आणि दर इंजिनाला एक मूठ मोजून द्यायच्या.

त्या वर्षी मार्गशीर्षात भवानी मंटपात एक लग्न होतं. मंटप म्हणजे मंगल कार्यालय. चिकपेटेमागच्या गल्लीत मराठी दुकानदारांच्या मंडळानं ते बांधलेलं होतं आणि तिथल्या जनरेटरची देखभाल अठरा वर्षं हयवदनरावांकडे होती. सकाळी नऊला वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि दोन तासांनी ऐन मुहूर्ताच्या वेळी इंजिन एवढं तापलं, की पांढऱ्या धुराचे लोट काढून जागच्या जागी बंद पडलं. पंखे थांबले, माइक गेला, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर घामानं निथळत उभे. मंगलाष्टकं कुणाला ऐकूच गेली नाहीत.

मंडळाचे सेक्रेटरी विश्वासराव, साड्यांचे मोठे व्यापारी. एकदा तोंडातून निघालेला शब्द परत घ्यायचा त्यांना फार कंटाळा. त्यांनी तिथंच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "प्रतापरावनं पाणी बघितलं नाही. इंजिन कोरडं चालवलं." प्रतापराव म्हणजे जनरेटर चालवणारा माणूस. बावीस वर्षांची नोकरी, मंटपामागच्या एका खोलीत नवराबायकोचा संसार. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. प्रतापराव एवढंच म्हणाले, "पाणी रोज सकाळी बघतो मी, साहेब." त्यावर विश्वासरावांनी रविवारी मंडळाची बैठक लावली. तोवर हयवदनरावांनी इंजिन उभं करायचं आणि ते का तापलं ते बैठकीत सांगायचं, असं ठरलं.

हयवदनरावांनी इंजिन खोललं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, तापून वाकलं होतं, त्याखालची गॅस्केटची पट्टी जळून पाण्यात तेल मिसळलं होतं. यशवंतपूरला नेऊन हेड सपाट करून आणलं, नवी गॅस्केट घातली आणि गुरुवारी सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी आपला धुण्याचा कार्यक्रम मांडला. प्रतापराव नळी धरून उभे होते. पहिलं पाणी कॉफीसारखं आलं, ते तेलाचं, त्यात नवल नव्हतं. मग सोड्याचं पाणी घालून इंजिन चालवलं. ते पाणी लालभडक आलं.

"गंज," प्रतापराव म्हणाले.

"गंजच असणार," हयवदनराव म्हणाले. पुन्हा सोडा, पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. त्यांनी तिन्ही बरण्या पिशवीत घातल्या आणि घरी नेऊन खिडकीत मांडल्या.

शुक्रवारी सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन ते खिडकीशी गेले आणि कॉफी प्यायची विसरले. गंज रात्रभरात तळाशी बसतो, वर पाणी मोकळं राहतं, हे त्यांनी शेकडो बरण्यांत बघितलेलं होतं. या तिन्ही बरण्यांत तळाशी जेमतेम चिमूटभर काही होतं आणि पाणी वरपासून खालपर्यंत तसंच लाल.

"हा गंज नव्हे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग आहे तरी काय?"

सत्यवतीबाई पदराला हात पुसत आल्या. एक बरणी उचलून उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला. "अहो, सोडा घातला होता ना यात?"

"हो. का?"

"तुमच्या पंच्याला हळद लागली आणि त्यावर साबण फिरवला की काय होतं?"

"मला काय ठाऊक? पंचा तुम्ही धुता."

"लाल होतं. थांबा जरा." बाई आत गेल्या आणि अर्धं लिंबू घेऊन आल्या. वाटीत थोडं लाल पाणी ओतून त्यावर लिंबू पिळलं. पाणी फसफसलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं. हयवदनरावांनी वाटीत चिमूटभर सोडा टाकला. पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळं. छप्पन्न वर्षांचा तो माणूस वाटी घेऊन असा खुलला, की बाईंना हसू आवरेना. तीस वर्षं इंजिनं धुऊन जे कळलं नव्हतं ते स्वयंपाकघरात पडून होतं, याचाच त्यांना अपार आनंद झाला होता.

"इंजिनात हळद! सत्यवती, इंजिनात हळद कशी काय आली?"

इथं त्यांनी एक घोडचूक केली. उत्तर हाती यायच्या आत प्रश्न घेऊन ते चिकपेटेत धावले. विश्वासरावांच्या दुकानात, साड्यांच्या ढिगापुढं, प्रतापरावही कशासाठी तरी आलेले असताना त्यांनी वाटी, सोडा आणि लिंबू काढून सगळा खेळ करून दाखवला. विश्वासरावांनी तो शांतपणे बघितला.

"लॉरीवाले गळका रेडिएटर बुजवायला आत हळद टाकतात, खरं की नाही?"

"टाकतात," हयवदनराव म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे रेडिएटर गळत होता आणि ह्यानं मला न सांगता हळद घालून लपवला. रविवारी वेगळं बोलायची गरजच नाही आता."

प्रतापरावांनी हयवदनरावांकडे एकदा बघितलं. रागानं नव्हे. नुसतं बघितलं आणि ते पायऱ्या उतरून गेले. हयवदनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचं घर जायला टेकलं होतं त्याला यांच्या लिंबानं आणखी एक ढकल दिली होती. वाटी पिशवीत टाकून ते मुकाट्यानं मंटपात गेले, त्या लाल पाण्याच्या मुळापर्यंत जायचंच असं ठरवून.

पहिल्यांदा त्यांनी रेडिएटर तपासला. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी पितळी जाळी. वरती एक टाकी, खाली एक टाकी आणि मध्ये शेकडो चपट्या अरुंद नळ्या. तोंडं बंद करून आत पंपानं हवा भरली आणि सगळीकडून साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा आला नाही. रेडिएटर कुठंही गळत नव्हता, कधी गळल्याची खूणही नव्हती. मग गळत नसलेल्या रेडिएटरात प्रतापराव हळद कशाला घालतील?

शनिवारी दुपारी, प्रतापराव जेवायला खोलीत गेलेले असताना, त्यांना सुचलं. आजवर पाणी वरून खाली सोडत होतो. वरच्या टाकीत काही अडकलं असेल तर ते नळ्यांच्या तोंडात आणखीच घट्ट बसत असणार. त्यांनी नळी खालच्या तोंडाला लावली, वरचं तोंड मोकळं सोडलं, त्याच्याखाली घमेलं ठेवलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी उलट्या वाटेनं चढलं, रेडिएटर गुरगुरला आणि वरच्या तोंडातून पिवळट लगद्याचे गोळे भसाभसा घमेल्यात पडले.

हयवदनरावांनी एक गोळा बोटांत चिरडला. मऊ. आणखी एक. त्यात लांबट दाणे होते, फुगलेले, कडेला अजून पिवळे. तो भात होता. इंजिनाच्या पाण्यात छान शिजलेला भात. त्यांना हसू फुटलं. जनरेटरनं भात लावलेला जन्मात बघितला नव्हता. हळद, भात, आता फोडणी तेवढी राहिली, असं मनात येतंय तोच हसू जिथल्या तिथं थांबलं.

हळद आणि तांदूळ.

ते डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसले. आयुधपूजेची सकाळ जशीच्या तशी समोर आली. पूजेआधी त्यांना राहवलं नव्हतं. आत पाणी कसं आहे बघू, म्हणून रेडिएटरचं टोपण काढलं होतं. तेवढ्यात विश्वासराव ओरडले होते, राहुकाळ लागतोय, आटपा. घाईनं हात धुतले, अक्षतांची मूठ भरली, डोळे मिटून मंत्र म्हटले आणि "इंजिनाला आयुष्य लाभो" म्हणून मूठ उधळली. टोपण बसवल्याचं मात्र काही केल्या आठवेना. चुना पाण्यात धुऊन गेला की उरते नुसती पिवळी हळद, आणि हळदीच्या अक्षता सगळ्या पेठेत एकाच घरच्या. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर कुंकवाच्या निघाल्या असत्या.

मूठभर तांदूळ शेकडो नळ्यांच्या तोंडावर पडले, फुगले, शिजले, चिकटून बसले. दोन-दोन तास चालवायची वेळ लग्नसराईत आली आणि इंजिन तापलं. गॅस्केट जाळली, हेड वाकवलं, लग्न बुडवलं ते हयवदनरावांनी. प्रतापरावांनी नव्हे.

खोटं कशाला सांगा, त्यांच्या मनात आलंच. बघणारं कुणी नाही. घमेलं गटारात ओतलं की झालं. बैठकीत म्हणायचं, गंज होता, इंजिन जुनं आहे, कुणाचाच दोष नाही. विश्वासराव ऐकतील किंवा नाही ऐकणार. आणि खरं सांगितलं तर? हा मंटप जाईल, मग बातमी पेठभर होऊन बाकीची चार इंजिनं जातील. ज्या माणसानं मूठभर अक्षता आत टाकल्या त्याच्या बरण्यांना कोण विचारणार? ते उठले, घमेलं उचलून गटारापाशी गेले, कललंही ते थोडं. पाण्याची एक धार गटारात पडली. मग त्यांनी घमेलं सरळ केलं आणि पिशवीतून रिकामी बरणी काढून तो भात चमच्यानं तिच्यात भरला.

घरी सत्यवतीबाईंनी बरणीतला एक दाणा ताटलीत घेऊन बघितला. "अख्खा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कणी नाही एकही. माझाच." मग बाईंनीच एक लिंबू आणि सोड्याची पुडी त्यांच्या पिशवीत ठेवली.

रविवारी मंडळाच्या टेबलावर हयवदनरावांनी बरण्या मांडल्या. कॉफीच्या रंगाची, लाल आणि भाताची. लिंबू पिळून दाखवलं. रेडिएटर गळत नव्हता, हेही सांगितलं. विश्वासरावांनी विचारलं, "मग हळदतांदूळ आत टाकले कुणी?"

"मी," हयवदनराव म्हणाले. "आयुधपूजेला. टोपण मीच काढलं होतं आणि अक्षता मीच टाकल्या. प्रतापराव पाणी रोज बघत होते, त्यांचा यात काडीचा दोष नाही."

बैठकीत कुणी खोकललं, कुणी हसू दाबलं. विश्वासरावांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांदेखत बोललेला शब्द परत घ्यायची वेळ आली होती आणि ती आणणाऱ्याला ते सहजासहजी सोडणार नव्हते. "प्रतापराव राहतील," ते म्हणाले. "पण हयवदनराव, इंजिनाचं काम उद्यापासून आम्ही दुसऱ्याला देऊ. अठरा वर्षांत तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

"सरी, तसंच होऊ दे," हयवदनराव म्हणाले. "आज शेवटचं धुऊन देतो. अर्धवट नाही टाकत."

जनरेटरच्या शेडमध्ये ते आले तेव्हा प्रतापराव आधीच नळी जोडून उभे होते. पाणी सुरू झालं.

"प्रतापराव, माझ्यापायी तुमच्यावर आळ आला. वर परवा ते लिंबाचं सोंग. मला माफ करा."

"अण्णा, अक्षता आत पडताना मी बघितलं होतं."

हयवदनरावांच्या हातातली बरणी तशीच राहिली. "काय?"

"तुमचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. मंत्र म्हटलेल्या अक्षता, त्या बाहेर काढायच्या म्हणजे अय्यो, अपशकुनच. म्हटलं स्वल्प तांदूळ, त्यानं काय होतंय? मीच टोपण लावून टाकलं."

"बरं, ते सोडा. पण आळ आला तेव्हा तरी बोलायचं की नाही? खोली जात होती तुमची!"

"बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं, अण्णा? स्वतःचं पाप पूजा सांगणाऱ्यावर ढकलतो म्हणाले असते." प्रतापरावांनी नळी दुसऱ्या हातात घेतली. "आणि तुम्ही पाणी नितळ झाल्याशिवाय इंजिन सोडत नाही, हे अठरा वर्षं बघतोय मी. बायकोला म्हटलं, थांबू या. अण्णा काढतील शोधून."

हयवदनरावांना त्यांच्याकडे बघवेना. "काल ते घमेलं मी गटारात ओतणार होतो," ते म्हणाले. "थोडं ओतलंही होतं."

"ठाऊक आहे," प्रतापराव म्हणाले. "जेवत होतो. आमच्या खोलीची खिडकी इकडंच उघडते."

पाणी वाहत होतं. हयवदनरावांनी बरणी भरली, नळाच्या पाण्याच्या बरणीशेजारी धरली आणि उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. डोळे भरून आल्यामुळे त्यांना दोन्हींतलं काहीच धड दिसत नव्हतं. त्यांनी बरण्या प्रतापरावांपुढं केल्या.

"तुम्हीच बघा. झालं का नितळ?"

प्रतापरावांनी दोन्ही बरण्या नीट न्याहाळल्या, एक खाली ठेवली, पुन्हा उचलली. "झालं, अण्णा," ते म्हणाले आणि रेडिएटरचं टोपण घेऊन त्यांनी ते स्वतःच्या हातानं घट्ट बसवलं.